डॉ. वसंत खानोलकर : तोंडाच्या कर्करोगाचे कारण शोधणारे डॉक्टर, आणि तंबाखू न खाणाऱ्यांच्या घशाच्या कर्करोगाची गोष्ट

तोंडात जखम झाली आहे किंवा मानेला गाठ आली आहे म्हणून तुम्ही माझ्या हुपरीच्या दवाखान्यात आलात, तर मी तुम्हाला एक प्रश्न नक्की विचारतो. तंबाखू किंवा मावा खात असाल तर तो कोणत्या गालात धरता, डाव्या की उजव्या? बऱ्याच जणांना हसू येते. चांदीच्या कामावरचा माणूस तर आधी बोटाने गाल चाचपून बघतो आणि मग सांगतो. पण हा प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाही. जखम बहुतेक वेळा त्याच जागी असते.

हा प्रश्न माझा नाही. मुंबईतल्या एका मराठी डॉक्टरांनी तो ऐंशी वर्षांपूर्वी पद्धतशीरपणे विचारायला सुरुवात केली आणि त्यातून तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांचे नाते जगासमोर मांडले. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांचे आयुष्य आज तुम्हाला सांगणार आहे, कारण काही वर्षांपूर्वी एका रुग्णाच्या घरच्यांनी मला असे काही विचारले, ज्याचे उत्तर एकट्या तंबाखूत सापडत नव्हते.

आधी त्या रुग्णाबद्दल

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. माळकरी. तंबाखू, विडी, दारू यांना कधी शिवले नाहीत. मानेच्या एका बाजूला, जबड्याखाली, सुपारीएवढी गाठ. दुखत नव्हती, ताप नव्हता, वजनही उतरले नव्हते. घशात जंतुसंसर्ग असेल असे समजून मी सात दिवसांचे औषध दिले. गाठ थोडी मऊ वाटली म्हणून आणखी एक कोर्स दिला. मग टीबीची शंका घेतली. या सगळ्यात पाच आठवडे गेले. शेवटी सुईची तपासणी केली आणि कर्करोग निघाला. तो सुरू झाला होता टॉन्सिलमध्ये, गाठ ही त्याची पसरलेली शाखा होती.

चूक माझी होती. माणूस तंबाखू खात नाही एवढ्यावरून मी कर्करोगाचा विचार मागे टाकला होता. घरच्यांचा प्रश्न साधा होता. तंबाखू खाल्ल्याने कर्करोग होतो असे तुम्ही सगळे डॉक्टर सांगता, मग यांना कसा झाला? या प्रश्नाकडे जाण्यासाठी आपल्याला आधी परळला जावे लागेल.

लंडनहून मुंबईला

वसंत खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. आडनावात वेंगुर्ल्याजवळचे खानोली गाव आहे. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एमडी केले. विकृतिशास्त्र म्हणजे आपण ज्याला पॅथॉलॉजी म्हणतो ते. रक्त, लघवी तपासणारी लॅब एवढाच त्याचा अर्थ बहुतेकांना माहीत असतो. खरे तर रोगाने शरीराच्या पेशींमध्ये नेमका काय बदल केला हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगणारे ते शास्त्र आहे.

हुपरीच्या माणसाला हे लवकर समजते. चांदी कितीही पांढरी दिसली तरी टंच काढल्याशिवाय तिचा भाव ठरत नाही. गाठीचेही तसेच आहे. वरून हात लावून डॉक्टर अंदाज करतो, निकाल देतो तो पॅथॉलॉजिस्ट. लंडनहून परतलेल्या तरुण डॉक्टरला त्या काळी मुंबईत खासगी व्यवसायात भरपूर पैसा मिळाला असता. खानोलकरांनी मात्र शिकवण्याचा आणि सूक्ष्मदर्शकाचा मार्ग धरला. आधी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नंतर केईएम रुग्णालयाचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज इथे ते पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते.

त्या काळात कर्करोग हा युरोप-अमेरिकेचा आजार आहे, आपल्याकडे तो फारसा होत नाही, असा समज होता. आपल्याकडे माणसे हिवताप, पटकी, क्षय यांनीच मरत, मग गाठी कोण मोजणार?

परळचे नवे रुग्णालय

१९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यानंतर सर दोराबजी टाटा ट्रस्टने मुंबईत कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय बांधले. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तुमच्यापैकी अनेकांच्या घरातले कोणी ना कोणी तिथे जाऊन आले असेल. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन यांची जबाबदारी खानोलकरांकडे आली.

आता त्यांच्यासमोर देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले रुग्ण होते. यात एक गोष्ट लगेच दिसण्यासारखी होती. पाश्चात्त्य पुस्तकांत तोंडाच्या कर्करोगाला थोडीशीच जागा होती. परळच्या बाकांवर मात्र तोंडाचे आणि घशाचे रुग्ण रांगेने बसलेले होते.

हजार रुग्ण

खानोलकरांनी निवडक, चमत्कारिक रुग्णांवर लेख लिहिला नाही. त्यांनी तोंडाच्या कर्करोगाचे लागोपाठचे एक हजार रुग्ण घेतले, एकही न वगळता. लागोपाठ हा शब्द महत्त्वाचा आहे. डॉक्टरला आवडले ते घेतले आणि नको ते सोडले असे केले, तर निष्कर्ष आपल्याला हवा तसा निघतो. हा अभ्यास १९४४ मध्ये एका अमेरिकन कर्करोग नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांच्याबद्दलचे ब्रिटनमधले प्रसिद्ध संशोधन १९५० चे आहे. म्हणजे मुंबईतले हे काम त्याच्याही सहा वर्षे आधीचे. तेव्हा देश पारतंत्र्यात होता आणि महायुद्ध सुरू होते.

त्यांची पद्धत समजून घेतलीत तर तुमच्या डॉक्टरचे प्रश्न तुम्हाला अनाठायी वाटणार नाहीत. रोग कुठे झाला ती जागा अचूक नोंदवायची: गाल, जिभेचा पुढचा भाग, जिभेचे मूळ, टाळू, ओठ. मग माणूस काय खातो, काय ओढतो, कसे आणि कुठे धरतो ते विचारायचे. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघायच्या.

तीन जागा, तीन सवयी

१९४५ मध्ये त्यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह आणखी एक लेख लिहिला. त्यात भारतात दिसणाऱ्या, पुस्तकांत नसलेल्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन होते आणि तिन्ही रोजच्या सवयींशी जोडलेले होते.

पहिला खैनीचा. उत्तर भारतात तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठाच्या आत ठेवतात. कर्करोग ओठाच्या त्याच खाचेत.

दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्याकडे काही स्त्रिया जाड विडी पेटते टोक तोंडात ठेवून ओढत. कर्करोग टाळूला, जिथे चटका बसतो तिथे. गोव्यातही काही भागांत धुमटी अशी उलटी ओढण्याची पद्धत होती.

तिसरा धोतराचा. यात तंबाखूचा संबंधच नाही. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराने जिथे कातडी घासली जाते, तिथे काही जणांना त्वचेचा कर्करोग झालेला आढळला.

या तिसऱ्या उदाहरणाकडे लक्ष द्या. सगळ्या कर्करोगांचे खापर एकाच कारणावर फोडायचे असते, तर खानोलकरांनी हे रुग्ण बाजूला ठेवले असते. त्यांनी तसे केले नाही.

रक्तात की सवयीत?

त्यांच्यापुढे आणखी एक पेच होता. मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांमध्ये वेगवेगळे कर्करोग जास्त दिसत. हा फरक रक्तातून आलेला की राहणीतून? संख्याशास्त्र आणि आनुवंशिकता जाणणारे डॉ. एल. डी. संघवी यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या सहा समाजांतील लोकांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासले. माणसांच्या अशा तुलनेचे हे भारतातले सुरुवातीचे काम.

आजही लोक मला विचारतात, वडिलांना तोंडाचा कर्करोग होता म्हणजे मला होणारच का? उत्तर हे की घराण्यातून चंची आली तर धोका येतो. नुसत्या रक्तातून येणारा धोका त्या मानाने कमी असतो. म्हणून वडिलांचा आजार हे घाबरण्याचे नाही, तंबाखू सोडण्याचे कारण आहे.

तोंड वेगळे, घसा वेगळा

१९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर या तिघांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. आपल्या विषयासाठी हा सर्वांत महत्त्वाचा. तंबाखू चघळणाऱ्यांत आणि ओढणाऱ्यांत कर्करोगाची जागा वेगळी असते असे त्यांनी दाखवले. चघळणाऱ्यांत मुख्यतः तोंडाचा, म्हणजे गाल-हिरडीच्या बाजूचा. विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाचा आणि घशाचा. दोन्ही करणाऱ्यांना दोन्हीकडून धोका.

म्हणजे तोंड आणि घसा हे एकच नळकांडे आहे असे समजू नका. आरशात आ केल्यावर दिसतो तो गाल, हिरडी, जिभेचा पुढचा भाग हे तोंड. त्याच्या मागे, दोन्ही बाजूंचे टॉन्सिल, पडजिभेचा भाग आणि जिभेचे मूळ, हा घशाचा मधला भाग. माझ्या रुग्णाचा कर्करोग या मागच्या भागात होता. विडी न ओढता तो तिथे कसा पोहोचला, याचे उत्तर १९५५ मध्ये कोणाकडेच नव्हते. पण त्याकडे नेणारी एक वाट खानोलकरांच्याच प्रयोगशाळेतून गेली.

खानोलकरांची शिष्या

१९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल समर्थ लग्नानंतर मुंबईला आल्या आणि कमल रणदिवे झाल्या. टाटा मेमोरियलमध्ये त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याचे तंत्र शिकायला गेल्या.

ही प्रयोगशाळा जगप्रसिद्ध झाली ती हीला या पेशींमुळे. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातला तुकडा, तिला न विचारता, तिथे ठेवला गेला. ती त्याच वर्षी, वयाच्या ३१ व्या वर्षी गेली. तिच्या पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत.

दरम्यान खानोलकरांनी परळला १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे केले आणि ते त्याचे पहिले संचालक झाले. रणदिवे यांनी तिथे देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा सुरू केली. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर काम करताना त्या विषाणू आणि कर्करोग यांच्या नात्याकडे वळल्या. विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो, हे त्या काळी अनेक डॉक्टरांना पटत नसे. खानोलकरांचे मोठेपण असे की तंबाखूचे कारण स्वतः शोधलेले असूनही, आपल्या छपराखाली दुसरे कारण शोधणाऱ्यांना त्यांनी जागा दिली.

पुढची वर्षे

खानोलकरांचे काम कर्करोगापुरते नव्हते. कुष्ठरोगाचे अगदी सुरुवातीचे चट्टे आणि त्यातल्या नसा यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १९४९ मध्ये देशातल्या पॅथॉलॉजिस्टांची संघटना स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. आंतरराष्ट्रीय कर्करोग संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. अणुकिरणांच्या दुष्परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले आणि पद्मभूषण दिले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी उभे केलेले संशोधन केंद्र आज टाटा मेमोरियल सेंटरचा भाग म्हणून नवी मुंबईत खारघरला आहे. तिथल्या एका इमारतीचे नाव खानोलकर शोधिका आहे. तपासणीसाठी खारघरला गेलात आणि ती पाटी दिसली, तर ती कोणाची आहे हे आता तुम्हाला माहीत आहे.

न सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर

खानोलकर गेल्यानंतर पाच-सहा वर्षांत हे कोडे सुटू लागले. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ह्युमन पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजे एचपीव्हीचे, १६ आणि १८ हे प्रकार शोधले. हीला पेशींमध्येही एचपीव्ही १८ सापडला. ज्या प्रयोगशाळेत कमल रणदिवे तंत्र शिकल्या, तिथल्या सर्वांत प्रसिद्ध पेशींमध्ये हा विषाणू होताच, तेव्हा तो ओळखण्याचे साधन नव्हते. त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले.

१९८३ मध्येच फिनलंडमधल्या संशोधकांनी तोंडाच्या काही कर्करोगांमागेही एचपीव्ही असावा अशी शक्यता मांडली. २००० मध्ये त्याच जॉन्स हॉपकिन्समधून मोरा गिलिसन आणि सहकाऱ्यांनी घशाच्या मधल्या भागाच्या काही कर्करोगांमागे एचपीव्ही १६ असल्याचा भक्कम पुरावा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही नंतर तो मान्य केला.

जागा पुन्हा बघा. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ. टॉन्सिलला खोल खळगे असतात. तिथली त्वचा इतकी नाजूक असते की विषाणू तळाच्या पेशींपर्यंत सहज पोहोचतो. आत गेल्यावर त्याची दोन प्रथिने पेशीचे दोन ब्रेक निकामी करतात. ब्रेक गेलेली पेशी वाढत राहते आणि कधीतरी, साधारण काही दशकांनी, कर्करोग होतो.

एचपीव्हीबद्दल तुम्हाला माहीत असायला हवे असे

एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार आहेत. हातापायावरचे चामखीळही त्यातल्याच काही प्रकारांनी होतात, ते प्रकार कर्करोगाचे नाहीत. घशाच्या कर्करोगामागे मुख्यतः प्रकार १६ असतो.

हा विषाणू जवळच्या शारीरिक संबंधांतून पसरतो. घशात तो मुख्यतः मुखमैथुनातून पोहोचतो. एका ताटात जेवल्याने, रुग्णाची सेवा केल्याने, नातवाला मांडीवर घेतल्याने कर्करोग लागत नाही.

संसर्ग अतिशय सामान्य आहे. बहुतेकांना तो आयुष्यात केव्हातरी होतो, काही जाणवत नाही आणि एक-दोन वर्षांत शरीर तो स्वतःच घालवते. फार थोड्यांत तो टिकून राहतो.

माझ्या रुग्णाच्या पत्नी एके दिवशी एकट्याच आल्या. खुर्चीत बसून बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. त्यांना जे विचारायचे होते ते मला कळले. तुमच्यापैकी कोणाच्या मनात तोच प्रश्न असेल म्हणून इथेही लिहितो. संसर्ग आणि कर्करोग यांच्यात वीस-तीस वर्षे जाऊ शकतात. तो केव्हा, कोणाकडून आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. लग्नाआधीचा असेल, जोडीदाराकडून नकळत आलेला असेल. ज्यांना आयुष्यात एकच जोडीदार होता त्यांनाही तो असू शकतो. एचपीव्हीचा रिपोर्ट हा कोणाच्या चारित्र्याचा दाखला नाही आणि कोणाच्या बेइमानीचा पुरावाही नाही. मी हे त्यांना सांगितले. त्या उठल्या आणि पुढच्या रेडिएशनची तारीख विचारून गेल्या.

आपल्याकडे मुख्य कारण अजूनही तंबाखूच

अमेरिकेत आज घशाच्या मधल्या भागाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीशी जोडलेले आहेत. आपल्याकडे हे प्रमाण बरेच कमी आहे. भारतात तोंड आणि घशाच्या बहुतेक कर्करोगांमागे तंबाखू, सुपारी आणि दारू हीच कारणे आहेत. गाल आणि हिरडीच्या कर्करोगात एचपीव्हीचा वाटा फारच थोडा.

म्हणून एचपीव्ही वाचून मावा खाणाऱ्याने निश्चिंत होऊ नये. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर मावा घोटला जातोच, आणि घरी मशेरी लावणाऱ्या बायकांना ती तंबाखूच आहे हे अनेकदा कोणी सांगितलेलेही नसते. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने स्पष्ट केले आहे. झोप येऊ नये, हात चालत राहावा म्हणून रात्रपाळीला मावा लागतो असे कारागीर मला सांगतात. मी त्यांच्यावर रागावत नाही. सोडायची तयारी झाली की १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करा, किंवा माझ्यासारख्या कोणत्याही डॉक्टरकडे या. औषधे आहेत, मदत मिळते.

रिपोर्टमध्ये काय बघायचे

घशाच्या मधल्या भागाचा कर्करोग असेल तर बायोप्सीच्या तुकड्यावर पी१६ नावाची तपासणी होते. पेशीत हे प्रथिन भरपूर असेल तर मागे एचपीव्ही असण्याची शक्यता खूप असते. रिपोर्टमध्ये ती दिसत नसेल तर डॉक्टरांना विचारा. गालाच्या कर्करोगात मात्र ही तपासणी सहसा लागत नाही.

पी१६ पॉझिटिव्ह आले म्हणजे वाईट असे नाही, उलट आहे. एचपीव्हीमुळे झालेला घशाचा कर्करोग रेडिएशन आणि किमोथेरपीला चांगला प्रतिसाद देतो आणि बरे होण्याची शक्यता तंबाखूच्या कर्करोगापेक्षा जास्त असते. रुग्ण धूम्रपान करत असेल तर हा फायदा कमी होतो. पण पॉझिटिव्ह आहे म्हणून स्वतःच उपचार अर्धवट सोडू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रुग्णालयात आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा.

एचपीव्हीच्या घशातल्या संसर्गासाठी निरोगी माणसांची सरसकट तपासणी आजतरी सुचवली जात नाही. गर्भाशयमुखासाठी अशी तपासणी आहे आणि तिचा उपयोग आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात सिद्ध झाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे घरातल्या तिशीनंतरच्या स्त्रियांनी ती तपासणी जरूर करून घ्यावी.

लस

एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही भारतीय लस २०२३ पासून मिळते. ती १६ आणि १८ सह चार प्रकारांवर काम करते. ९ ते १४ वर्षांच्या वयात, म्हणजे संसर्ग होण्याच्या आधी, ती सर्वांत उपयोगी. या वयात साधारणपणे दोन डोस दिले जातात. लस मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी असली तरी घशातला हा संसर्गही ती कमी करते, म्हणून मुलग्यांनाही देता येते. झालेला संसर्ग किंवा कर्करोग मात्र लसीने बरा होत नाही. लस मुलाच्या वयाप्रमाणे कधी आणि किती डोसमध्ये घ्यायची ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे

यातले काहीही तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिले तर थांबू नका, तंबाखू खात असा वा नसा:

- मानेला गाठ, विशेषतः न दुखणारी
- घशाच्या एकाच बाजूला दुखणे किंवा काहीतरी अडकल्यासारखे वाटणे
- एकच टॉन्सिल मोठा दिसणे
- गिळताना त्रास होणे, आवाज बदलणे
- कान तपासला तर ठीक, तरी एकाच कानात ठणका
- थुंकीतून रक्त
- तोंडातली न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा
- तोंड पूर्वीसारखे न उघडणे. तीन बोटे उभी जात नसतील तर दाखवा

गाठ कोणालाही फोडू देऊ नका. एचपीव्हीच्या कर्करोगाच्या गाठीत कधीकधी पाणी असते, म्हणून ती साधी रसोळी वाटते. आधी सुईची तपासणी आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आतून घसा बघून घेणे महत्त्वाचे. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात हे होते. बायोप्सीने कर्करोग पसरतो ही भीती मनातून काढा. टंच काढल्याने चांदी बिघडत नाही.

शेवटी

माझे ते रुग्ण आज बरे आहेत. रेडिएशनने तोंड कोरडे पडते, म्हणून पाण्याची बाटली कायम जवळ असते आणि भाकरी आमटीत कुस्करून खातात. एकादशीला भजनाला बसतात, आवाज पूर्वीसारखा लागत नाही. पाच आठवड्यांबद्दल मी त्यांची क्षमा मागितली आहे.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात एक बदल झाला. मानेला गाठ घेऊन कोणी आले की मी तिचे माप आणि तारीख केसपेपरवर लिहितो आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख रुग्णाच्या हातात देतो. त्या दिवशी गाठ असेल तर तपासणी, मग तो माणूस व्यसनी असो की माळकरी. खानोलकरांनी हजार रुग्णांत एकालाही वगळले नव्हते. तुमच्या डॉक्टरांनी अशी तारीख दिली नसेल, तर तुम्ही मागून घ्या.